मँटल कन्व्हेक्शनचा रन फुटतोय? टाइमस्टेपच्या या चुका टाळा

पृथ्वीच्या कवचाखालचा मँटलचा खडक उष्णतेने कसा संथ वाहतो (कन्व्हेक्शन), त्याचं मॉडेल संगणकावर नवीन चालवणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, कुरांट नंबर (एका टाइमस्टेपमध्ये खडक सेलचा, म्हणजे मेशच्या एका घराचा, किती भाग पार करतो तो) 0.5 ठेवलाय, सॉल्व्हर पण प्रत्येक स्टेपला कन्व्हर्ज होतोय, मग रन फुटतो कसा, म्हणजे आकडे भलतेच वाढत कसे जातात? आधी बघा, वर फ्री सरफेस, म्हणजे वरखाली हलू शकणारा पृष्ठभाग, लावलाय का. लावला असेल तर बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं.

हिशोब करून बघा ना. सेल 20 किमीचा, वेग वर्षाला 5 सेमी, म्हणजे सेल पार व्हायला 4 लाख वर्षं, आणि कुरांट 0.5 धरून स्टेप निघाली 2 लाख वर्षांची. पण 1000 किमी तरंगलांबीचा उंचवटा, व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा विरोध) 10²¹ पास्कल-सेकंद असेल तर, साधारण 12 हजार वर्षांतच बसायला लागतो. तुमची स्टेप त्याच्या सोळापट! मग तो बसता बसता सपाटीच्या पार खाली जातो, पुढच्या स्टेपला उसळून वर येतो आणि दरवेळी झोका वाढतच जातो. पॅराव्ह्यू या निकाल चित्रात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उभा वेग लावून एकेक स्टेप पुढे न्या, आत्ता जिथे लाल होतं तिथे पुढच्या स्टेपला निळं, परत लाल, असं दिसलं की समजायचं, हाच तो ड्रंकन सेलर, झिंगलेल्या खलाशासारखा डोलणारा.

इथे लोक मेश बारीक करतात, मी पण केलंय, आणि क्लस्टरवरचे तास वाया गेले. सेल निम्मा केला की स्टेपही फक्त निम्मी होते, तरी आठपट मोठीच राहते. सॉल्व्हरचा टॉलरन्स (किती चूक चालेल ती मर्यादा) घट्ट करूनही काही होत नाही, कारण प्रत्येक स्टेपचं उत्तर बरोबरच असतं, गडबड दोन स्टेपच्या मधे आहे. एकतर स्टेप काही हजार वर्षांवर आणा, नाहीतर काउस, म्यूलहाउस आणि मे यांनी 2010 मध्ये दिलेलं स्टॅबिलायझेशन चालू करा, त्यात पृष्ठभाग सरकल्यावर जो भार बदलणार तो आधीच वेग काढणाऱ्या स्टोक्स समीकरणांच्या मॅट्रिक्समध्ये धरतात. टोपोग्राफी (पृष्ठभागाचे उंचसखल) नकोच असेल तर सरळ फ्री स्लिप लावा, त्यात पृष्ठभाग वरखाली हलतच नाही.

दुसरी चूक तापमानाची. वरच्याच आकड्यांत सेलचा पेक्ले नंबर (उष्णता प्रवाहाबरोबर वाहून जाण्याचं आणि आपोआप पसरण्याचं प्रमाण) सुमारे 32 येतो, 2 च्या वर साधं सेंट्रल डिफरन्स (शेजारच्या दोन्ही बाजूंचे आकडे धरून उतार काढायची पद्धत) तापमानात खोट्या लहरी काढतं, मग पृष्ठभागाच्या 273 केल्विनपेक्षाही थंड खडक दिसायला लागतो आणि व्हिस्कॉसिटी तापमानावर एक्स्पोनेन्शियल असल्यामुळे तिथेच ती भलतीच चढते. तापमान कापून टाकू नका, उष्णतेचा हिशोब बिघडतो, एसयूपीजी ही प्रवाहाच्या दिशेनं अशा लहरी दाबणारी पद्धत वापरा. मग 1989 चा ब्लँकेनबाख बेंचमार्क, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली चाचणी, चालवा, रॅले नंबर (कन्व्हेक्शन किती जोरात ते सांगणारा) 10⁴ आणि एकसारखी व्हिस्कॉसिटी, नुसेल्ट नंबर (नुसत्या वहनाच्या किती पट उष्णता वर जाते तो) 4.884 आला पाहिजे. 4.7 वर अडकला तर मोठा रन अजून लावू नका.