आश्रमात, शिबिरात, दिंडीत लेकरू पाठवताना. आणि ते काही सांगू लागलं तर

उन्हाळी बालसंस्कार शिबिर, सप्ताह, मृदंग शिकायला संस्थेत राहणारी पोरं, मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणारी पालखी, या सगळ्यांत मी वर्षानुवर्षं पोरांची जबाबदारी घेत आलो आहे. मी माळकरी आहे, तरी खाली लिहिलंय ते मदरशाला, चर्चच्या वसतिगृहाला आणि कुठल्याही पंथाच्या मठाला सारखंच लागू आहे. ‘मुलांवर लक्ष ठेवा’ एवढंच सांगून मोकळे होणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे. कुणी, कधी, कशावर ठेवायचं ते सांगा की.

पाठवण्याआधी

न कळवता जा, आणि रात्री जा. पोरं कुठे झोपतात, न्हाणीला आतून कडी आहे का, ते बघा. निराधार मुलं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायदा, २०१५ खाली नोंदणी लागते. तो कागद मागा. घरचा नंबर लेकराकडून पाठ करून घ्या. आठवड्याला एक फोन, आणि त्या वेळी संस्थेचं कुणी शेजारी बसणार नाही. हे मान्य नसलेल्या ठिकाणी पाठवू नका.

एका नियमावर मी कधीच तडजोड करत नाही: पाय चेपणं, अंग रगडणं, खोलीत पाणी नेऊन देणं, असली सेवा एकट्या पोरानं करायची नाही. मुलगा असला तरी नाही. आपल्याकडे काळजी फक्त मुलींची करतात, आणि मृदंग शिकायला राहतात ते बहुतेक मुलगेच. लैंगिक अत्याचारापासून मुलांना वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच संरक्षण देतो.

हेळसांड

दिवाळीनंतर घरची माणसं ऊसतोडीला जातात आणि पोरं कुठल्या तरी मठात ठेवतात. खरूज, अंगावर काढलेला ताप, शाळेच्या पटावर नाव पण पोर दिवसभर गोठ्यात कामाला, हे दिसलं की १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन करा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आई-बाप परत येतील म्हणून थांबू नका.

लेकरू बोलू लागलं तर

मला सगळ्यांत जड गेलेली पायरी ही, आणि गावोगाव घात होतो तो इथेच.

लेकरू सरळ सांगत नाही. ‘माले तठे नही जानं’ (मला तिथं जायचं नाही) एवढंच म्हणतं. सुट्टी संपत आली की पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं, ओळखीच्या माणसाचं नाव निघालं की गप्प होतं. अशा वेळी एकच प्रश्न: ‘काय झालं ते सांगशील?’ आणि मग ऐका. ‘त्यांनी इथे हात लावला का?’ असं तोंडात शब्द घालून विचारू नका. पुढे कोर्टात ‘पोराला पढवलंय’ हेच म्हणतात, आणि असे प्रश्न त्यांना आयतं कारण देतात. आजीसमोर, मामासमोर, सरपंचासमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, ते मोडावंच लागतं. त्याला म्हणा: ‘सांगितलंस ते चांगलं केलंस. तुझी चूक नाही. आता मी हे मदत करणाऱ्या माणसांना सांगणार.’ नंतर बाजूला बसून त्याचेच शब्द वहीत उतरवा, अहिराणी असतील तर अहिराणीत. खाली तारीख आणि वेळ टाका. त्या दिवशीचे कपडे धुऊ नका.

आणि महाराजांकडे जाब विचारायला जाऊ नका. विश्वस्तांकडेही नाही. बैठक बसते, ‘संस्थेची बदनामी नको’ म्हणतात, पोराला घरी पाठवतात आणि तो माणूस दुसऱ्या गावच्या मठात जातो. तिथेही पोरं असतात. आई-बाप शाप लागेल म्हणून घाबरतात, पोरीच्या लग्नाचं काय म्हणतात. त्यांना रागावू नका; ज्या मावशीचं किंवा आत्याचं ते ऐकतात तिला घरी बसवा आणि तुम्ही फोन लावा.

बैठक बसलीच तर मी पॉक्सो कायदा मोठ्यानं वाचतो. कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती आहे किंवा धोका वाटतो अशा प्रत्येकानं पोलिसांना कळवायचं आहे. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत. धार्मिक संस्थेतल्या माणसानं तिथल्याच मुलावर केलेला अत्याचार कायद्यात जास्त गंभीर धरला आहे. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. हे ऐकल्यावर ‘आपसात मिटवू’ म्हणणारे पुष्कळ जण गप्प होतात.

तक्रार

त्याच दिवशी १०९८, तातडीच्या मदतीचा ११२ किंवा जवळचं पोलीस ठाणे. जबाब लेकराच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या लेकराला मराठी समजत नसेल तर दुभाषी मागा, तो त्याचा हक्क आहे. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि मूल मुलगा असो की मुलगी, विश्वासाचं माणूस जवळ राहू शकतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं बघणाऱ्या सरकारी समितीला, कळवायचं असतं. कळवलं का, ते दुसऱ्या दिवशी स्वतः विचारा.

लेकराचं नाव, फोटो, गाव, शाळा गावच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. त्याच खोलीत झोपणाऱ्या बाकीच्या पोरांची नावं मात्र समितीला लिहून द्या आणि त्यांच्याशी कोण, कधी बोलणार, हे तिथेच विचारून घ्या.