रेडिएटरमध्ये कोणतं कूलंट घालायचं आणि ते कसं सांभाळायचं

माझं गॅरेज शिरवळजवळ, खंबाटकी घाटाच्या अलीकडे. मे महिन्यात पाच माणसं, टपावर सामान आणि एसी चालू अशा गाड्या साताऱ्याकडे निघतात आणि घाटात बॉनेट उघडून कडेला उभ्या राहतात. त्यांतल्या कित्येकांच्या रेडिएटरमध्ये कूलंट (इंजिन गार ठेवणारं आणि थंडीत न गोठणारं द्रव) नसतं, नुसतं पाणी निघतं. ‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ असं लोक विचारतात.

पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं एथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव) आणि निम्मं पाणी हे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरची कॅप दाब नीट धरत असेल तर १२५ च्या आसपास. म्हणून कॅपचं रबर चिरलेलं असेल तर आधी कॅप बदला. दुसरं म्हणजे, कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. आजचे रेडिएटर आणि इंजिनाचे हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचे. त्यात बोअरचं जड पाणी घातलं की आत क्षार बसतो, नळ्या बुजतात, वॉटर पंपाचं सील जातं.

निवडताना रंगावर जाऊ नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. हिरवा, गुलाबी, लाल हे रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कूलंटचा प्रकार लिहिलेला असतो, तोच बाटलीवर शोधा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर चालतं; ‘ओएटी’ (ऑरगॅनिक ॲसिड टेक्नॉलॉजी) लिहिलेलं ५ वर्षांपर्यंत. दोन्ही एकत्र केली तर आयुष्य कमी होतं, आणि काही वेळा आत जेलीसारखा गाळ धरतो. आधीचं कोणतं आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून नवं भरा.

बाटली ‘रेडी मिक्स’ आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’, तेही बघून घ्या. रेडी मिक्समध्ये पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट नुसतं ओतायचं नाही, कारण निव्वळ ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. त्यात डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी मिसळायचं, बॅटरीसाठी मिळतं ते.

बदलताना गॅरेजमध्ये सर्रास एक गोष्ट चुकते. रेडिएटरचा खालचा नळ सोडला तरी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बरंच द्रव राहतं. पाण्याने फ्लश केल्यावर तिथं पाणी उरतं, आणि वरून रेडी मिक्स भरलं की मिश्रण पातळ होतं. म्हणून फ्लश केल्यावर मी कॉन्सन्ट्रेटच वापरतो. समजा मॅन्युअलमध्ये क्षमता ५ लिटर दिली आहे, तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओतायचं आणि उरलेली जागा डीएम पाण्याने भरायची. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करायचं, होज (रेडिएटरची रबरी नळी) दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत वरून भर घालत राहायची. हवा आत अडकली तर नवं कूलंट घालूनही तापमानाचा काटा वर जातो. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो सैल करा.

थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. इंजिन योग्य तापमानावर राहावं म्हणून तो बसवलेला असतो. काढला की इंजिन थंड चालतं आणि डिझेल-पेट्रोल जास्त खातं. खराब असेल तर नवा बसवा.

महिन्यातून एकदा सकाळी, इंजिन गार असताना, रेडिएटरला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली कूलंटची पातळी बघा. मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. सारखी कमी होत असेल तर गळती शोधा: होजचे क्लिप, वॉटर पंपाखालचा ओघळ, गाडीत पायाखाली ओला गालिचा. कूलंट तपकिरी दिसलं तर आत गंज आहे. दुधी, तेलकट दिसलं तर हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचा) संशय धरा आणि गाडी चालवू नका.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि सुरक्षित जागा बघून थांबा. लाल रेघेला टेकला असेल तर इंजिन लगेच बंद करा. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावू नका. वाफेने तोंड-हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे घेतात का ते विचारा.