सोलापूर ते महाबळेश्वर एसटीने : पास कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी महाबळेश्वरचे बेत शिजायला लागतात. तेव्हा कुणीतरी हमखास सांगतं, "एसटीचा पास काढा, स्वस्तात पडतं." पडतं, पण सगळ्यांना नाही. 'आवडेल तेथे प्रवास' ही एसटीची योजना १९८८ पासून चालू आहे. पास ४ दिवसांचा किंवा ७ दिवसांचा मिळतो आणि तेवढ्या दिवसांत राज्यात कुठेही, कितीही वेळा चढा-उतरा. पण खिडकीवर जाण्याआधी घरी बसून दोन हिशेब करावेत.

पहिला हिशेब माणसांचा

कोण कोण येणार त्यांची नावं कागदावर लिहा आणि एकेक खोडत जा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही सरसकट अर्धं तिकीट. म्हणजे आजी, आई, बायको, बहीण यांच्या नावाचा पास काढणं म्हणजे पैसे घालवणं. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना तिकीटही अर्धं आणि पासही साधारण अर्ध्यात, तेव्हा त्यांना मोठ्यांचाच हिशेब लागू. यादीत उरतात ते बाप्ये, कॉलेजातली पोरं आणि ही लहान मुलं. पासाचा विचार त्यांच्यापुरताच करायचा.

दुसरा हिशेब किलोमीटरचा

हा जरा नीट करा, कारण फसगत इथेच होते. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसला ६ किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे पडतात. जुलै २०२५ मध्ये पासांचे दर उतरले आणि साध्या बसचा ४ दिवसांचा पास १,३६४ रुपयांना, ७ दिवसांचा २,३८२ रुपयांना झाला. भागाकार केला की कळतं, ४ दिवसांत ८०० किलोमीटरच्या पुढे गेलात तरच पास वसूल. ७ दिवसांच्या पासाला १,४०० च्या वर हवेत, म्हणजे रोज २०० किलोमीटर. घाटातल्या सुट्टीत रोज एवढं बसून कोण फिरणार?

आता सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत सातारा साधारण सव्वादोनशे किलोमीटर. पुढे महाबळेश्वर साठेक. जाऊन-येऊन सहाशेच्या आत-बाहेर. प्रतापगड आणि तापोळा जोडले तरी सातशेच्या आसपासच थांबतं. म्हणून एकाच गावी मुक्काम ठोकून परत यायचं असेल तर सरळ तिकीट काढा.

पास खरा लागू पडतो तो गोल फेरी मारणाऱ्याला. पहिल्या दिवशी महाबळेश्वर, दुसऱ्या दिवशी प्रतापगड, तिसऱ्या दिवशी साताऱ्यावरून कोल्हापूर, चौथ्या दिवशी सकाळी पन्हाळा करून मिरज, सांगोला, मंगळवेढ्यावरून घरी. हे आठशेच्या काठावर येतं. मधे साताऱ्याला उतरून कासचं पठार केलं की पास फायद्यात. दमछाक होते, हे खरं.

शिवशाहीचा ४ दिवसांचा पास १,८१८ रुपयांना आहे. तो साध्या गाडीतही चालतो, पण घाटातल्या आडगावांना बहुतेक लालपरीच जाते, तेव्हा या फेरीला तो कशाला? पासाचे आणि तिकिटाचे दर मागेपुढे होत असतात, खिडकीवर त्या दिवशीचा आकडा विचारून हाच भागाकार पुन्हा करा.

पास काढताना

प्रवासाच्या १० दिवस आधीपासून पास मिळतो. आगाराच्या पास खिडकीवर फोटो आणि आधार घेऊन जा. पासावर दिवस मोजला जातो तो रात्री बारा ते रात्री बारा. रात्री दहाच्या गाडीने निघालात तर अख्खा पहिला दिवस दोन तासांत संपला! म्हणून पहाटेची गाडी धरा. पास म्हणजे जागेची हमी नव्हे. सीट राखून हवी असेल तर आरक्षणाचा आकार वेगळा. पास दुसऱ्याच्या नावावर चालत नाही, त्यामुळे ओळखपत्र खिशात हवंच, बॅगेच्या तळाशी नको. सामान मोठ्या माणसाला ३० किलोपर्यंत चालतं.

पासाच्या फंदात न पडणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे आणि तिथून स्वारगेटवरून महाबळेश्वरची एसटी. रेल्वेचं भाडं कमी, पाठही कमी दुखते.

घाटात आणि वर

वाई सोडली की पसरणी घाट लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी मागच्या बाकावर बसू नये. पुढच्या चाकाच्या आसपासची जागा धरावी आणि वाईच्या स्टँडवर वडापाव टाळावा. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी अशा वेळी फार कामाची, भाकरी नुसतीच चघळत बसता येते. साताऱ्याहून मेढ्यावरूनही गाड्या वर जातात. पाचगणी बघायची असेल तर पाटीवर 'वाई मार्गे' आहे का ते बघूनच चढा.

महाबळेश्वरात पॉइंट बघायला नेहमीची एसटी फारशी उपयोगाची नाही. स्टँडवरून हंगामात 'महाबळेश्वर दर्शन', 'प्रतापगड दर्शन' अशा गाड्या सुटतात. त्या खास फेऱ्या असल्याने चढण्याआधी पास दाखवून कंडक्टरला विचारून घ्या. नाहीतर टॅक्सी. चार-पाच जण असाल तर परवडते, मात्र दरफलक वाचून मगच बसा.

प्रतापगडाला गडापर्यंतची गाडी चुकली तर पोलादपूर-महाडकडे जाणारी पकडून वाडा कुंभरोशीला उतरता येतं. तिथून पुढे गडाकडे चढाचा रस्ता आहे. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ तिथल्या टपरीवर विचारा, फोनमधल्या वेळापत्रकापेक्षा टपरीवाल्याला जास्त ठाऊक असतं. पावसाळ्यात याच आंबेनळी घाटात दरडी येतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी महाबळेश्वर आगारात फोन करून रस्ता चालू असल्याची खात्री करा.

चौथ्या दिवशी कोल्हापुरातून दुपारीच निघा. गाडी रस्त्यात असताना रात्रीचे बारा वाजले की पास संपतो आणि पुढच्या प्रवासाचं तिकीट काढावं लागतं.