फारसी येत नसताना फारसी पोथीचं चित्रपान कसं पाहावं

शाहनाम्याचं, म्हणजे इराणी राजांच्या फारसी महाकाव्याचं, पान समोर आलं की डोळे आधी घोड्यांकडे आणि सोनेरी आकाशाकडे धावतात. धावू द्या. मग चित्र तळहाताने झाका आणि उरलेलं पान पाहा. कारण पान आधी कातिबाच्या, म्हणजे पोथी लिहिणाऱ्याच्या, हाताखालून जाई. तो मजकूर लिहीत जाई आणि चित्रासाठी जागा कोरी सोडी. अपुऱ्या राहिलेल्या पोथ्यांत असे रिकामे चौकोन अजून सापडतात.

आता रकाने मोजा. एका रकान्यात एक मिसरा, म्हणजे काव्याची एक ओळ; दोन मिसऱ्यांचा एक बैत. मराठी गझल ऐकणाऱ्यांना हे शब्द परके नाहीत. शाहनाम्यात बहुधा चार रकाने, म्हणजे आडव्या ओळीत दोन बैत. वाचन उजवीकडून डावीकडे, आडवं. वर्तमानपत्रासारखे रकान्यातून खाली उतरलात तर फसाल.

मग अक्षर. बुटक्या उभ्या रेषा, लांब झोळीदार वळणं आणि प्रत्येक शब्द डावीकडे जाताना खाली घसरतोय असं दिसलं, तर ती नस्तालीक. ही लिपी 14व्या शतकात इराणात घडली. बोरूच्या टोकाने उमटणारा तिरका चौकोनी ठिपका हे तिचं माप. ओळी सरळ येतात त्या मिस्तरामुळे: दोरे ताणलेला पुठ्ठा कागदाखाली धरून वरून बोट दाबत फिरवायचं, ओळींचे वळ उठतात.

चित्राच्या आधी काही बैत तिरपे लिहिलेले दिसले तर तिथे रेंगाळा. ती निव्वळ नक्षी नसते. तिरपे बैत जास्त जागा खातात. कातिब मजकूर लांबवून नेमका हवा तो बैत चित्राला भिडवू शकतो. चित्राला लागून असलेला बैत बहुतेक वेळा चित्रातल्या क्षणाचाच असतो. अनुवाद हाताशी असेल तर सगळा प्रसंग नको, तेवढा बैत शोधा.

आता हात काढा आणि चित्रातही अक्षरं शोधा. माझं आवडतं उदाहरण हेरातच्या (आजच्या अफगाणिस्तानातल्या) चित्रकार बिहजादचं. 1488 सालच्या, आज कैरोत असलेल्या कवी सादीच्या ‘बोस्तान’मध्ये युसूफ त्याच्यावर भाळलेल्या झुलेखापासून पळतो आहे. सात बंद दारांचा महाल सादीच्या ओळींत नाहीच! तो आला कवी जामीच्या काव्यातून, आणि जामी तेव्हा हेरातमध्येच होता. बिहजादने जामीच्या ओळी महालाच्या भिंतीवरच लिहिल्या. जिने नागमोडी, दारं बंद, वरच्या कोपऱ्यात हिरव्या झग्यातला युसूफ आणि त्याच्याकडे झेपावलेली झुलेखा. एका पानावर दोन कवी, आणि गोष्ट सांगतोय तिसराच.

शेवटी पान उलटा. इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्या शाहनाम्यात 258 चित्रं होती. 20व्या शतकात एका अमेरिकी संग्राहकाने पोथी सुटी केली आणि पानं जगभर पांगली. 78 चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली. सुटं पान भिंतीवर चित्र होऊन बसतं, पण संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर कधीकधी मागच्या बाजूचंही छायाचित्र असतं. तळाशी, डाव्या कोपऱ्यात एकटाच शब्द दिसला तर तो पुढच्या पानाचा पहिला शब्द; बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून लिहिलेला.