बजरीगारचा झोका घरीच करा

ठाण्यात आपण सर्रास ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतो, ते बहुतेकदा बजरीगार नावाचे छोटे पोपट असतात. या इवल्या पाखरांना पिंजऱ्यात नुसतं बसवून ठेवलं की ती सुस्तावतात, लठ्ठ होतात. त्यांना चढायला, लोंबायला, कुरतडायला काहीतरी हवंच.

त्यासाठी महागडं खेळणं लागत नाही. जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेल्या नारळाची करवंटी तासून गुळगुळीत करा, भोक पाडा आणि स्टीलच्या कडीने टांगा. कडी स्टीलचीच हवी. जस्ताचा मुलामा दिलेली तार पक्षी चावत राहतात आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. सुती दोरीचे धागे सुटले की त्यात नखं, बोटं अडकतात; माझ्या पाखराचा पाय असाच सुजला होता, तेव्हापासून दोरी घरात बंद. छोट्या घंटेचा लोलकही सुटून गिळला जाऊ शकतो.

बसायला गोल गुळगुळीत दांडीपेक्षा पेरूची फांदी चांगली, मात्र औषध न फवारलेल्या झाडाची. धुऊन कडक उन्हात वाळवा. जाडी कुठे कमी, कुठे जास्त असली की पायांना आपोआप व्यायाम होतो. ठाण्यातल्या पावसाळ्यात लाकडाला बुरशी लवकर धरते, तेव्हा फांदी बदलत राहा.

पाखरू खोलीत मोकळं सोडताना आधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर चादर. स्वयंपाकघराचं दारही लावा; तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ पक्ष्यांना प्राणघातक ठरते.