रोजचं अप-डाऊन लांबचं असेल तर गाडी घेताना या चुका टाळा

कोल्हापुरात राहून रोज सांगली, कराड, निपाणी नाहीतर गारगोटीला ये-जा करणारी माणसं काय कमी नाहीत, बँकवाले आहेत, मास्तर आहेत, कंपनीतले आहेत, आणि यातला जो तो गाडी घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, अ‍ॅव्हरेज किती देती? प्रश्न बरोबरच आहे. फक्त त्याचं उत्तर शोरूममधल्या पोराकडं मागायचं नसतं, ते आपल्या रूटवर मिळतं.

आता हेच बघा, नव्या डिझायरचा मॅन्युअल पेट्रोलचा कंपनीचा आकडा 24.79 आहे. हा आकडा खोटा नाही, पण तो टेस्टमध्ये रोलरवर ठरलेल्या स्पीडनं गाडी चालवून काढलेला असतो, तिथं हातकणंगल्याचं ट्रॅफिक नसतं, दर गावाला दोन-तीन स्पीड ब्रेकर नसतात आणि एसी लावून चार माणसं पण बसलेली नसतात. हिशोब करताना 18 ते 20 धरा, त्याच्यावर मिळालं तर आनंद. आणि हायवेला गाडी मोकळी सोडायची सवय असेल तर अजून खाली या, कारण हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गानं वाढतो, म्हणजे 80 च्या जागी 100 ला गेलात की तो दीडपटीच्याही वर जातो. पेट्रोल आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे, त्यासाठी न बनलेल्या जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज 3 ते 6 टक्के घटू शकतं असं सरकारनं स्वतःच 2025 मध्ये सांगितलंय, त्यामुळं एप्रिल 2023 च्या आधीची सेकंड हँड गाडी बघत असाल तर मॅन्युअलमध्ये किती इथेनॉल चालतं ते वाचून घ्या.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात महागातली, म्हणजे अ‍ॅव्हरेजच्या दोन किलोमीटरवरून महिनाभर डोकं लावायचं आणि मग टॉप मॉडेल उचलायचं. हिशोब मांडूया. रोज जाऊन-येऊन 100 किमी, महिन्याला 25 दिवस, म्हणजे वर्षाला 30 हजार. पेट्रोल 105 रुपये धरलं तर 20 च्या अ‍ॅव्हरेजला 1500 लिटर, म्हणजे दीड लाखाच्या थोडं वर. 22 दिलं तर 1364 लिटर, वाचले साधारण 14 हजार. आता सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनसाठी दीड लाख जास्त दिले आणि ते लोनवर घेतले तर 9 टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच साडेबारा हजाराच्या आसपास होतं. झालं, अ‍ॅव्हरेजचं वाचलेलं जवळजवळ सगळं व्याजात गेलं की राव! सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आलाय, लोकांनी त्यात वाचलेलं पण वरच्या मॉडेलमध्येच घातलं.

सीएनजीचं गणित रनिंगवर आहे, शेजाऱ्यानं घेतली म्हणून घ्यायची वस्तू नव्हे ती. एका किलोला 26 किमी आणि भाव 92 धरला तर त्याच 30 हजार किमीला एक लाख सहा हजार लागतात, म्हणजे पेट्रोलपेक्षा वर्षाला पन्नासेक हजार वाचतात आणि कंपनी फिटेड सीएनजीसाठी जे नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त मोजले ते दोन वर्षांत वसूल. पण तुमचं रनिंग वर्षाला 10 हजारच असेल तर तेच वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर जातील, मग रांगेत कशाला उभं राहायचं? आणि रांग हा खरा प्रश्न आहे. गाडी बुक करायच्या आधी तुमच्या रूटवर कुठल्या बाजूला पंप आहे, तुम्ही जाता त्या वेळेला तिथं किती गाड्या असतात आणि प्रेशर मिळतं का, हे दोन-चार दिवस बघून या. प्रेशर कमी असलं की टाकी अर्धीमुर्धीच भरते आणि मग दिवसाआड पंपावर. डिकीचं पण बघा, एक मोठी टाकी असलेल्या गाडीत बॅगा ठेवायला जागा राहत नाही, दोन छोट्या टाक्या खाली बसवलेल्या गाड्यांमध्ये बरीच जागा मिळते. बाहेरून किट बसवणार असाल तर आरसीवर नोंद पाहिजे, आणि कंपनीची वॉरंटी अडचणीत येते ती वेगळीच. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबावरची तपासणी, दर तीन वर्षांनी असते, सेकंड हँड सीएनजी घेताना टाकीवरच्या प्लेटची तारीख वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.

डिझेल संपलं असं सगळे म्हणतात, मारुतीनं 2020 ला बंद केलं हे खरंय, पण रोज हायवेनं कराडला जाणाऱ्या माणसाला डिझेल आजही परवडतं. बीएस6 डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात साठलेली काजळी जळायला गाडी सलग थोडा वेळ बऱ्या स्पीडनं चालावी लागते. हायवेवर ते आपोआप होतं. राजारामपुरी ते दसरा चौक एवढंच फिरणाऱ्यानं डिझेल घेतलं की डॅशबोर्डवर डीपीएफची लाइट ठरलेली.

ईव्हीबद्दल थोडक्यात सांगतो. घरी स्वतःचं पार्किंग आणि तिथं प्लग असेल तरच विचार करा. छोट्या गाडीला 100 किमीला 14 युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे महिन्याला 350 युनिट घरच्या बिलात वाढले आणि महावितरणचा स्लॅब वर गेला, तो हिशोब धरूनच तुलना करा. रेंज पण ब्रोशरमधली धरू नका, त्यातली दोन तृतीयांश धरा.

आता पिकअप. याच्याकडं अ‍ॅव्हरेजवाले लक्ष देत नाहीत. कारखाने सुरू झाले की संध्याकाळी सातला आपल्या रस्त्यांवर काय चित्र असतं ते सांगायला नको, पुढं ट्रॅक्टर, त्याला उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब, ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला आणि समोरनं एसटी. तिथं चार माणसं बसलेली, एसी चालू, हजार सीसीचं इंजिन, आणि एएमटी, म्हणजे क्लच दाबावा न लागणारी ऑटोमॅटिक, गिअर टाकू का नको म्हणत एक सेकंद थांबते. तो एक सेकंद ब्रोशरमध्ये लिहिलेला नसतो. एएमटी वाईट नाही, डाव्या पायाला आराम आहे, पण ओव्हरटेकला मॅन्युअल मोडवर घ्यायची सवय पाहिजे. म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गुळगुळीत फेरीवर घेऊ नका, घरातली माणसं बसवून तुमच्या रस्त्यावर, तुमच्या वेळेला, निदान पाऊण तास मागा, देत नसतील तर दुसऱ्या डीलरकडं जा. त्यात कमरेचं पण कळतं, रात्री हेडलाइट किती पडतो ते पण कळतं. क्रॅश टेस्टचे स्टार आता भारत एनकॅप या आपल्या देशातल्या टेस्टमुळं सहज बघायला मिळतात, ते बघाच.

वॉरंटी वर्षात मोजायची चूक तर सर्रास होते. सेल्समन सांगतो तीन वर्षं किंवा एक लाख किमी, आपण तीन वर्षं ऐकतो. वर्षाला 30 हजार आणि वर गावाकडच्या फेऱ्या धरल्या की लाख त्याच्या आधीच पूर्ण होतात. सर्व्हिस 10 हजाराला म्हणजे तुम्हाला दर चार महिन्याला आली, तेव्हा सर्व्हिस सेंटर घराजवळ किंवा ऑफिसजवळ आहे का हे गाडीच्या रंगापेक्षा महत्त्वाचं. फास्टॅगचा वार्षिक पास पण असाच, 200 ट्रिप आहेत आणि नाका जाताना एक, येताना एक, म्हणजे रोजच्या माणसाला तो 100 दिवसच पुरतो.

सेकंड हँड घेणाऱ्यांनी आपल्या भागात एक गोष्ट जास्तीची बघायची, पुराची गाडी. 2019 आणि 2021 ला कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी बघितलंय, आणि धुऊनपुसून पॉलिश मारलेली गाडी वरून ओळखू येत नाही. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, वरचा पट्टा स्वच्छ आणि आतल्या भागावर मातीची रेघ दिसली की समजायचं. स्टेपनी काढून खालच्या खळग्यात हात फिरवा, सीटच्या खालच्या रुळांवर गंज बघा, मॅटिंग उचलून वास घ्या. सेंटचा वास भपकारा मारत असेल तर जास्तच वास घ्या. शोरूमची सर्व्हिस हिस्ट्री आणि इन्शुरन्सचा क्लेम मागा, त्यात मीटर मागं घेतलाय का तेही कळतं.

गाडी घेतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून लोक लगेच कंपनीला शिव्या घालतात. आधी नीट मोजा तरी. स्क्रीनवरचा आकडा बऱ्याचदा जास्तच दाखवतो, त्यामुळं एकाच पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर झिरो, चारशे किमी चालवा, परत तिथंच ऑटो कटपर्यंत फुल आणि किमीला लिटरनं भागा. खरंच पडलं असेल तर सकाळी गाडी थंड असताना हवा चेक करा, मग एअर फिल्टर, मग अलाइनमेंट. आणि एक चेक फुकटातला आहे, ऑफिसला पोचल्यावर उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न लावता नुसता धरून बघा, एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय, अ‍ॅव्हरेज तिथंच जातंय.