छोट्या गावात मंडळी कशी सांभाळावी: नव्या पाळकासाठी

परतवाड्याच्या बाजूला, मेळघाटच्या पायथ्याशी, एका लहानशा बॅप्टिस्ट मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती चर्चमध्ये, मी एकतीस वर्षं पाळक, म्हणजे पास्टर होतो. चौतीस घरं, त्यातली अकरा कोरकू आदिवासींची. आता तिथे तरुण पाळक आला आहे. आल्या आल्या त्याने विचारलं, "रविवारच्या उपदेशाची तयारी तुम्ही कशी करायचे?" मी म्हटलं, "घरं फिरून." त्याला वाटलं मी प्रश्न टाळतोय. म्हणून नीट लिहून काढतो.

आधी एक जाड रजिस्टर घ्या आणि दर घराला दोन पानं द्या. कोण कोणत्या कामावर जातं, कोणाला साखर आहे, कोणाचं डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, पोरगी कोणत्या वर्गात आहे, घरातलं माणूस कोणत्या तारखेला गेलं, हे सगळं लिहा. भांडणं लिहू नका. कोणी रडून सांगितलेली चूक तर कधीच लिहू नका. वही उद्या कोणाच्याही हाती पडू शकते.

मंगळवार ते शुक्रवार, रोज तीन घरं. त्याहून जास्त केलीत तर ती हजेरी होते, भेट होत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया दिवे लागल्यावर घरी येतात, तेव्हा जा. फाटकातून आवाज द्या, बसवतील तिथे बसा. कोरा चहा आला तर दूध नाही हे ओळखा आणि कप रिकामा करा. घरात बाई एकटी असेल तर ओसरीवरच बसा, नाहीतर बायकोला सोबत न्या. आधी म्हाताऱ्या माणसाशी बोला. प्रार्थना लहान करा, पण घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन करा. दशांशाचा, म्हणजे कमाईतला दहावा भाग देण्याचा, किंवा वर्गणीचा विषय घरभेटीत काढायचा नाही. एकदा काढलात की पुढच्या वेळी तुम्हाला पाहून लोक पैसे मोजायला लागतात. आणि जी घरं उपासनेला येत नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करा.

कोरकू घरांत जरा जास्त वेळ ठेवा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. आजीला तुमचा उपदेश अर्धाच कळलेला असतो, पण ती मान डोलावते. तिलाच प्रार्थना करायला सांगा, तिच्या भाषेत. मला शब्द कळायचे नाहीत, पण नातवाचं नाव आलं की तिचा आवाज खाली यायचा, ते कळायचं. त्या रविवारी काय बोलायचं ते मला तिथेच मिळायचं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. एक विधवा मावशी आजारी होत्या. त्यांचा मुलगा बाजारात भेटला, म्हणाला, "आई बरी आहे." मी घरी येऊन वहीत लिहिलं: बरी आहे. नऊ दिवसांनी त्या गेल्या. शेजारीण म्हणाली, "रोज विचारत होत्या, पास्टर आले का." स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते वहीत लिहू नका. आणि बोलावण्याची वाट पाहू नका. छोट्या गावात आजारी माणूस पाळकाला निरोप पाठवत नाही, तो वाट पाहतो.

मयत झालं की लगेच निघा, फोनवर सांत्वन करत बसू नका. गेल्यावर खाली बसा आणि गप्प राहा. "देवाची इच्छा" हे शब्द पहिल्या दिवशी तोंडातून काढू नका. मग कामाला लागा: सुताराला माप द्या, कबर खोदणाऱ्यांना निरोप धाडा, ताडपत्री मिळवा. आमची माती काळी, पावसात फुगते आणि कबरीच्या कडा आत ढासळतात. पावसाळ्यात खड्डा थोडा रुंद घ्यायला सांगा, कडेला फळ्या लावा, माणसं येईपर्यंत वर ताडपत्री ताणून ठेवा. पेटी पाण्यात उतरताना मुलांनी पाहू नये, म्हणून तुम्ही तासभर आधी कब्रस्तानात हजर हवं. पाहुणे परत गेले की त्या घरी पुन्हा जा. घर तेव्हा खायला उठतं.

बाप्तिस्मा आपण लहान बाळाला देत नाही, त्याचं समर्पण करतो. स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात घ्यायचं, आणि पूर्ण बुडवून. आम्ही सापन नदीवर जायचो, पण पावसाळ्यात कधीच नाही, डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक चढतं. आदल्या दिवशी स्वतः उतरून तळ पाहा. पाणी कमरेच्या वर हवं, उथळ पाण्यात जड माणूस उचलवत नाही. त्याचं तोंड पाणी वाहत जातं तिकडे, पाठ पाणी येतं तिकडे. मागे झुकवलं की डोकं वरच्या अंगाला येतं, नाकात पाणी जात नाही आणि उठताना प्रवाहच हात देतो. एक हात मानेमागे; दुसऱ्याने त्याचे हात धरा, नाक त्याने स्वतः दाबावं. बायकांनी गडद रंगाची साडी नेसावी, पिना भरपूर लावाव्यात, आणि काठावर चादरी धरून दोघी उभ्या असाव्यात. थरथरणाऱ्या माणसाला घाई करू नका. एका सत्तरीच्या बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वर आल्यावरही सोडेनात. आम्ही दोघं तसेच पाण्यात उभे राहिलो, काठावर गीत संपेपर्यंत.

लग्नाचं थोडक्यात: १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावण्याचा पाळकाचा परवाना हातात असल्याशिवाय लग्न लावू नका, आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावा. वरात रेंगाळली म्हणून कायदा थांबत नाही.

मंडळीच्या सभेत निर्णय सभासदांचा. आपल्यावर बिशप नसतो, आणि पाळकाचं मतही एकच. घरभेटीला जाऊन मतं गोळा करू नका.

पगार पुरणार नाही. मी सकाळी शिकवण्या घ्यायचो, आणि त्यात कमीपणा वाटला नाही. मिशनरी विल्यम कॅरी हिंदुस्थानात यायच्या आधी इंग्लंडमध्ये मोल्टन नावाच्या खेड्यात बॅप्टिस्ट पाळक होते. मंडळीला त्यांचा खर्च झेपेना, म्हणून शाळा शिकवत आणि जोडे शिवत. त्याच माणसाने पुढे पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने मराठी शिकून १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. काम कोणतंही करा, फक्त संध्याकाळ मोकळी ठेवा.

निवृत्त होताना माझ्याकडे सात रजिस्टरं होती. ती नव्या पाळकाला द्यायची नसतात. लोकांनी तुम्हाला सांगितलेलं असतं, तुमच्या खुर्चीला नाही. मी ती अंगणात जाळली. त्याआधी एका कागदावर मयतांच्या तारखा तेवढ्या उतरवून घेतल्या, घराच्या नावासकट, आणि तो कागद त्याला दिला. पुढच्या गुरुवारी त्यातली पहिली तारीख आहे. घर नदीच्या अंगाला आहे, फाटकाची कडी वरून काढावी लागते.